माणूस शिकायला कसा शिकला?

गारगोटी

माझी भाची साडेतीन वर्षांची आहे. तिच्या रंगीत खडूंचा एक पत्र्याचा डबा आहे, त्याचं झाकण एका बाजूनं वाकलंय. मी तो उघडताना झाकणावर बोटानं दोनदा टकटक करते आणि मग कडेखाली नख घालून झाकण उचलते. टकटक करण्याचा झाकण निघण्याशी काहीही संबंध नाही, हाताला लागलेली सवय आहे. परवा तिनं तो डबा पहिल्यांदाच स्वतः उघडला. आधी टकटक, दोनदा. मग नख. नंतर मी तिला एक पारदर्शक प्लास्टिकची डबी दिली, बोट लावलं तरी उघडणारी. तिच्यावरही आधी टकटक. पुढच्या वेळी मी मुद्दाम न वाजवता डबा उघडायला गेले, तर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "असं नाही!"

माणसाच्या शिकण्याच्या उत्क्रांतीबद्दल गेले काही महिने मी मिळेल ते वाचतेय. ते "असं नाही" ऐकल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढला.

२००५ साली व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांनी एका पेटीचा प्रयोग केला होता. पेटीच्या वरच्या भोकात काठी घालून ठोकायचं, मग पुढचं दार उघडून काठीनं आतलं बक्षीस बाहेर काढायचं. वरचं ठोकणं पूर्ण निरर्थक, कारण त्या भोकाखाली आडवा पडदा आहे आणि काठी बक्षिसापर्यंत पोचतच नाही. पेटी काळी असेल तर हे कळत नाही, पारदर्शक असेल तर उघड दिसतं. युगांडातल्या एका अभयस्थानातल्या लहान चिंपांझींनी काळ्या पेटीवर दाखवलेलं सगळं केलं. पारदर्शक पेटी आल्यावर मात्र त्यांनी वरचं ठोकणं गाळलं आणि सरळ दाराला हात घातला. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दोन्ही पेट्यांवर सगळं जसंच्या तसं केलं. २००७ मध्ये डेरेक लायन्स आणि सहकाऱ्यांनी तर मुलांना आधी निरुपयोगी क्रिया ओळखायला शिकवलं, बरोबर ओळखल्यावर शाबासकी दिली, उगाचचं काही करायचं नाही असं बजावलं. तरीही मुलं ते उगाचचं करतच राहिली.

हे वाचून पहिल्यांदा वाटतं की चिंपांझी शहाणे निघाले. मला आता तसं वाटत नाही. चिंपांझीनं पेटीकडे पाहिलं, मुलानं माणसाकडे पाहिलं. मोठ्या माणसानं एखादी गोष्ट केली म्हणजे तिला काहीतरी कारण असणार, आज मला ते दिसत नसलं तरी, हे मूल धरून चालतं. हा भरवसा आला कुठून, हा माझा प्रश्न.

थोडं मागे जाते. ज्ञान म्हणजे डोक्यात साठवलेलं काहीतरी असं धरलं तर गोष्ट मेंदूपासून सुरू होते, पण मेंदू फार उशिरा आला. ई. कोलाय हा जिवाणू घ्या. त्याची लांबी जेमतेम दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. इतक्याशा अंगाच्या पुढच्या टोकाशी अन्न जास्त की मागच्या, हा फरक त्याला एका जागी राहून नीट कळत नाही. मग तो काळाचा आधार घेतो. पोहता पोहता आत्ताची 'चव' काही सेकंदांपूर्वीच्या चवीशी ताडून पाहतो. अन्न वाढत असेल तर सरळ पोहत राहतो, कमी होत असेल तर लवकर गिरकी घेऊन दिशा बदलतो. मागची चव लक्षात राहते ती त्याच्या संवेदक प्रथिनांना चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक गटांमुळे. एकही चेतापेशी नसलेल्या जिवाला 'मघाशी' आणि 'आत्ता' यातला फरक कळतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

पुढे चेतापेशी आल्या. सी. एलेगन्स हा एक मिलिमीटरचा कृमी ३०२ चेतापेशींवर शिकतो. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईला पुन्हा पुन्हा स्पर्श करून, ती हळूहळू कल्ले आखडून घेणं कसं सोडते आणि तेव्हा पेशींमधल्या जोडण्यांत काय बदलतं, हे दाखवलं. त्या कामासाठी २००० साली त्यांना नोबेल मिळालं.

पण शिकणं फुकट नसतं. वेळ जातो, चुका होतात, एखादी चूक जिवावर बेतते. त्यामुळे जे पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही ते अंगातच असलेलं बरं. बाळाला चोखायला कुणी शिकवत नाही. जे दर तासाला बदलतं, म्हणजे पाणवठ्यावर आत्ता कोण टपून बसलंय, ते ज्याचं त्यानंच पाहावं लागतं. या दोन टोकांच्या मधे एक मोठा पट्टा आहे. तिथल्या गोष्टी जनुकांना गाठता येणार नाहीत इतक्या लवकर बदलतात, पण आईबापांनी जे पाहिलं ते पोरांच्या हयातीत लागू पडेल इतक्या टिकतात. या पट्ट्यात दुसऱ्याकडून शिकणं सगळ्यात स्वस्त पडतं. रॉबर्ट बॉइड आणि पीटर रिचर्सन यांनी १९८० च्या दशकात हे गणितानं मांडलं. मला वाटतं, आपण त्या पट्ट्यात मुक्कामाला आलेला प्राणी आहोत, आणि माझ्या भाचीची टकटक तिथूनच आली आहे.

तुम्हाला काय वाटतं?

अर्धविराम

उत्तम धागा. एक भर घालतो. "मुलं चिंपांझींपेक्षा हुशार" हे वाक्य किती ढोबळ आहे ते २००७ च्या एका अभ्यासात दिसलं. एस्थर हरमन, मायकल टोमासेलो आणि सहकाऱ्यांनी १०६ चिंपांझी, ३२ ओरांगउटान आणि अडीच वर्षांची १०५ मुलं यांना एकाच प्रकारच्या चाचण्या दिल्या. वस्तू कुठे लपवली, कुठे जास्त आहे, हत्यार कसं वापरायचं, यात मुलं आणि चिंपांझी जवळपास बरोबरीत. दुसऱ्यानं केलेलं पाहून शिकण्यात मात्र मुलं कुठल्या कुठे पुढे. म्हणजे जन्मानंतर पहिला फरक उघडपणे दिसतो तो बुद्धीच्या एकूण साठ्यात नाही, दुसऱ्याकडून घेण्यात दिसतो.

पण मला तुमच्या स्वस्ताईच्या मुद्द्यावर एक अडचण दिसते. सगळेच नक्कल करायला लागले तर नवीन कोण शोधणार? अ‍ॅलन रॉजर्स यांनी १९८८ मध्ये हेच गणित मांडलं होतं. नक्कल करणारे थोडे असतात तोवर त्यांची चंगळ. ते वाढले की एकमेकांच्या शिळ्या माहितीची नक्कल करत बसतात, आणि शेवटी अख्ख्या गटाला नकलेचा काहीच फायदा उरत नाही.

गारगोटी

अर्धविराम, रॉजर्सचं गणित मलाही बरेच दिवस सतावत होतं. त्यावर मला पटलेलं उत्तर २०१० च्या एका स्पर्धेतून आलं. ल्यूक रेंडेल, केव्हिन लेलँड आणि मंडळींनी संगणकावर एक आभासी जग उभं केलं आणि त्यात टिकून राहील अशी शिकण्याची पद्धत पाठवा असं जाहीर आवाहन केलं. १०४ प्रवेशिका आल्या. प्रत्येक फेरीत तीनच पर्याय: स्वतः नवीन शोधा, दुसऱ्याचं पाहा, किंवा जे येतं ते वापरा. जिंकलेली पद्धत शिकण्यासाठी जवळजवळ फक्त दुसऱ्याचं पाहत होती, आणि आपली माहिती किती जुनी झाली त्याचा हिशेब ठेवत होती.

नक्कल का जिंकली, ते कारण मला फार मोलाचं वाटतं. प्रत्येक जण आपल्याला येणाऱ्या गोष्टींतली सगळ्यात कामाची गोष्टच करून दाखवत असतो. त्यामुळे पाहणाऱ्याच्या पदरात पडतं ते आधीच चाळून आलेलं असतं. चाळणीचे कष्ट दुसऱ्यानं केलेले असतात.

काजवा

गारगोटी, तुमच्या लेखात 'अंगातच असलेलं' आणि 'शिकलेलं' हे दोन वेगळे कप्पे वाटतात. मला वाटतं तसं नाहीये, आणि हा मुद्दा नीट मांडायला हवा.

१९६६ चा जॉन गार्सिया आणि रॉबर्ट केलिंग यांचा प्रयोग. उंदरांना नळीतून गोड पाणी दिलं. प्रत्येक चाटण्याबरोबर दिवा चमकायचा आणि कट्ट आवाज व्हायचा. म्हणजे चव, उजेड, आवाज तिन्ही एकदम. मग काही उंदरांना मळमळ होईल असं केलं आणि काहींच्या पायांना विजेचा झटका दिला. नंतर चव वेगळी आणि उजेड-आवाज वेगळे करून पाहिलं. मळमळलेल्या उंदरांनी गोड चव टाळली, उजेड-आवाजाचं त्यांना काही वाटलं नाही. झटका बसलेल्यांनी उजेड-आवाज टाळला आणि गोड पाणी खुशाल प्यायले.

तोवर मानसशास्त्रात अशी समजूत होती की कुठल्याही खुणेची कुठल्याही परिणामाशी सारखीच सांगड घालता येते. उंदरांनी ती मोडीत काढली. पोट बिघडलं तर दोष खाल्लेल्याचा, कातडीला इजा झाली तर दोष बाहेर दिसलेल्या-ऐकलेल्याचा, ही अटकळ उंदीर जन्माला येतानाच घेऊन येतो. कुठली चव वाईट ते मात्र त्याला शिकावं लागतं. जमीन उतरती असते आणि पाणी आयुष्यात पडतं, असं मी स्वतःला समजावतो.

माकडांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हिसस माकडांना सापाची भीती नसते. सुझन मिनेका आणि मायकल कुक यांनी त्यांना दुसरं माकड सापाला घाबरतंय अशी चित्रफीत दाखवली. ती पाहून ही माकडंही घाबरायला शिकली. मग चित्रफीत कापून जोडून तेच घाबरणं फुलांसमोर दाखवलं. फुलांची भीती एकाही माकडाच्या मनात बसली नाही. दुसऱ्याकडून शिकण्यालाही उतार आहे तो असा.

दुर्बीण

सगळ्यांचं वाचलं. गार्सियाच्या उंदरांबद्दल माझी तक्रार नाही, तो प्रयोग भक्कम आहे. पण माणसाचं एखादं कौशल्य दिसलं की त्याला 'उत्क्रांतीनं दिलं' म्हणण्याची घाई मला धोक्याची वाटते.

१९७७ साली अँड्र्यू मेल्टझॉफ आणि कीथ मूर यांनी लिहिलं की दोन-तीन आठवड्यांची बाळं मोठ्यांनी जीभ काढली की जीभ काढतात. पुढची कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत अनुकरण जन्मजात म्हणून छापलं गेलं. २०१६ मध्ये जॅनीन ऊस्टेनब्रुक आणि सहकाऱ्यांनी १०६ बाळं पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या आठवड्यात तपासली. बाळं जीभ काढत होती हे खरं. पण समोरच्यानं जीभ काढली तेव्हाही काढत होती आणि दुसरं काही केलं तेव्हाही तितकीच. मानसशास्त्रज्ञ सिसिलिया हेज यांचं म्हणणं आहे की अनुकरण करता येणं हेच आपण शिकतो. आई बाळाच्या चेहऱ्याची नक्कल करते, बाळ आरशात पाहतं, मोठ्यांबरोबर टाळ्या वाजवतं. त्यातून 'मी हे केल्यावर असं दिसतं' ही सांगड बसते.

आणखी एक उदाहरण देतो. वाचता येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मेंदूत डाव्या बाजूला मागे-खाली एक भाग असतो, जो लिहिलेल्या शब्दांना प्रतिसाद देतो. लिपी कुठलीही असो, जागा जवळपास तीच. परग्रहावरच्या एखाद्या शास्त्रज्ञानं हे पाहिलं तर तो छातीठोकपणे म्हणेल की वाचनाचं इंद्रिय उत्क्रांत झालंय. पण लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षं झालीत, आणि त्यातला बहुतेक काळ बहुतेक माणसं निरक्षर होती. इंद्रिय घडायला वेळच नव्हता. मेंदूशास्त्रज्ञ स्टॅनिस्लास देहाने सांगतात त्याप्रमाणे, वस्तू आणि चेहरे ओळखण्यासाठी असलेल्या जागेचा एक तुकडा शिकण्यानं वाचनाकडे वळवला. सगळ्यांच्या मेंदूत एकाच जागी सापडणारी गोष्टसुद्धा शिकलेली असू शकते, हे ध्यानात ठेवून मग भाचीच्या टकटकीकडे पाहा, इतकंच म्हणतो.

पाटीपेन्सिल

दुर्बीण, तुमच्या वाचनाच्या उदाहरणाला माझ्या वर्गातून दुजोरा देते. मी पहिलीला शिकवते. दरवर्षी निम्मी मुलं काही आठवडे ३ चा ६ आणि ६ चा ३ करतात. आधी मी त्याला निष्काळजीपणा समजायचे आणि मुलांना बोलायचे. आता कारण ठाऊक आहे. वाघ डावीकडून दिसला काय आणि उजवीकडून दिसला काय, वाघच. जगातली जवळजवळ कुठलीही वस्तू उलटी-सुलटी झाली तरी तीच राहते, म्हणून आपली नजर आरशातली प्रतिमा आणि मूळ यात फरक करत नाही. ही नजरेची जुनी आणि फार उपयोगाची खोड आहे. अक्षरं-अंक शिकताना मुलाला ती मोडावी लागते. सहा वर्षांचं पोर केवढ्या जुन्या गोष्टीशी झगडत असतं, हे कळल्यावर माझा आवाज आपोआप खाली आला.

गारगोटी

दुर्बीण, तुमचा आक्षेप मान्य. 'जन्मजात अनुकरण' असं मी म्हणणार नाही. पण हेज यांचं म्हणणं पूर्ण मानलं तरी काहीतरी उरतंच. मूल चेहऱ्याकडे ओढलं जातं, मोठ्यांच्या मागे मागे राहतं, आणि मोठे त्याला तसं राहू देतात. ती ओढ कुठून आली हे विचारावंच लागतं.

शिकणं आणि उतार एकमेकांत कसे विणलेले असतात, याचं मला सगळ्यात सुंदर वाटलेलं उदाहरण पक्ष्यांचं आहे. झेब्रा फिंचचा नर गाणं मोठ्या नराकडून ऐकून शिकतो. एकट्यानं वाढवला तर त्याचं गाणं खरखरीत आणि बेढब होतं. २००९ मध्ये ओल्गा फेहेर, पार्थ मित्रा आणि सहकाऱ्यांनी अशाच एकट्यानं वाढलेल्या नरांना गुरू केलं. पिल्लांनी त्यांचं बेढब गाणं उचललं, पण उचलताना थोडं सुधारून घेतलं. ती पिल्लं पुढच्या पिल्लांची गुरू झाली. तीन-चार पिढ्यांत गाणं जंगली फिंचच्या गाण्याजवळ येऊन पोचलं. गाणं कुठल्याच पिल्लाच्या अंगात तयार नव्हतं आणि कुठल्याच गुरूकडेही नव्हतं. प्रत्येक पिढीनं शिकताना जी छोटी छोटी दुरुस्ती केली, ती साचत गेली.

तळटीप

गारगोटी, तुमच्या 'आज मला कारण दिसत नसलं तरी' या शब्दांवर मी थांबले. कारण न समजता केलेली गोष्ट जीव वाचवते आणि अर्धवट समजून केलेली गोष्ट जीव घेते, याचा एक खरा प्रसंग सांगते.

१८६० साली रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स मेलबर्नहून निघाले, ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर ओलांडायला. परतताना एप्रिल १८६१ मध्ये ते कूपर खाडीवरच्या तळावर पोचले, तर तळावरची माणसं त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली. शिधा संपत आला. तिथले यांद्रुवांधा लोक त्यांना मासे आणि नार्डूच्या भाकऱ्या देत होते. नार्डू हा पाण्याकाठचा एक नेचा, त्याचे बीजाणूंचे टणक कोष दळून पीठ करतात. पुढे बर्कच्या वागण्यामुळे त्या लोकांशी बिनसलं, पण नार्डू कुठे मिळतो हे तोवर बर्क, विल्स आणि त्यांचा साथीदार जॉन किंग या तिघांना कळलं होतं. ते स्वतः गोळा करून, दळून, शिजवून खाऊ लागले. पोटभर खात होते. विल्सनं रोजनिशीत नोंदवलंय की भूक चांगली लागतेय, खाणं होतंय, तरी अंगातली ताकद रोज कमी होतेय.

नार्डूत थायामिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व तोडून टाकतं. यांद्रुवांधांच्या पद्धतीत पीठ भरपूर पाण्यात कालवण्यासारख्या ज्या पायऱ्या होत्या त्यांनी हे विकर निकामी होत असणार, असं पुढे संशोधकांनी मांडलं. बर्क आणि विल्स जूनच्या अखेरीच्या सुमारास गेले. तिसरा, जॉन किंग, यांद्रुवांधांच्या आसऱ्याला गेला, त्यांचं त्यांच्या हातचं खात राहिला आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला जिवंत सापडला.

यांद्रुवांधांना बी-१ ठाऊक नव्हतं. ते विचारायची गरजही नव्हती. 'आजी असं करते' एवढं पुरेसं होतं. विल्स मात्र शिकलेला माणूस, हवामान आणि ताऱ्यांची निरीक्षणं करणारा. त्यानं नार्डूकडे पाहिलं आणि त्यातलं महत्त्वाचं काय ते त्याच्या दृष्टीनं उचललं: गोळा करा, दळा, शिजवा. बाकीचं त्याला टकटक वाटलं असणार.

आणि असं ज्ञान माणसांत साठलेलं असतं, म्हणून माणसांबरोबर जातं. ग्रीनलंडच्या वायव्य टोकाला राहणाऱ्या इनुघुइट लोकांत १८२० च्या दशकात साथ आली, जाणती माणसं गेली. त्यांच्याबरोबर कायाक होडी बांधणं गेलं, धनुष्यबाण गेला, मासे मारायचा काटेरी भाला गेला. उरलेली माणसं काही कमी बुद्धीची नव्हती. होडीशिवाय किती हाल होतात हे रोज भोगत होती. तरी साधारण चाळीस वर्षं कुणालाही कायाक नव्यानं शोधता आली नाही. १८६० च्या दशकात बॅफिन बेटाकडून दुसरे इनुइट आले, तेव्हा त्यांच्याकडून ती परत शिकली गेली.

आडवाट

वाचतोय. तळटीप, प्रतिसाद दोनदा वाचला.

अर्धविराम

तळटीप, जबरदस्त. यातून मला एक जुना प्रश्न पुन्हा पडला. आपली समज जगण्यापुरती घडली असेल तर ती खरी किती मानायची?

डार्विननं १८३८ मध्येच आपल्या वहीत एक टिपण केलं होतं. प्लेटो म्हणतो की काही कल्पना अनुभवातून येत नाहीत, आत्म्याच्या पूर्वजन्मातून येतात. डार्विननं लिहिलं की पूर्वजन्माच्या जागी माकडं वाचा. १९४१ मध्ये प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी तोच धागा पुढे नेला. ते तेव्हा कोनिग्सबर्गला, म्हणजे तत्त्वज्ञ कांटच्याच गावी, प्राध्यापक होते. कांट म्हणतो, स्थळ-काळ-कार्यकारण ही चौकट अनुभवाच्या आधीच आपल्यात असते. लोरेंझ म्हणतात, एका जिवाच्या अनुभवाच्या आधी असते हे खरं, पण त्या जातीच्या अनुभवानंतर आलेली असते. माशाचं पिल्लू पाण्यात पडण्याआधी त्याचा पर तयार असतो, कारण पाण्यानं तो लाखो वर्षं घडवलाय. पराच्या आकारात पाण्याचा गुण उतरलेला असतो.

मला हे पटतं, पण पर फक्त पाण्याबद्दल सांगतो. १९८० मध्ये मायकल मॅक्लॉस्की यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चक्राकार नळीचं चित्र दाखवून विचारलं, आतून जोरात सोडलेली गोळी बाहेर पडल्यावर कशी जाईल? बऱ्याच जणांनी वळत जाणारी वाट काढली. गोळी सरळ जाते. दगड झेलायला, फांदी पकडायला आपली उपजत समज पुरते. ग्रहांच्या हिशेबाला ती आडवी येते, आणि तिथे गॅलिलिओ-न्यूटनचं शिक्षण घ्यावं लागतं.

पाटीपेन्सिल

या सगळ्यात शिकवणारा कुठे आहे, हे मला विचारायचंय. सगळे शिकणाऱ्याबद्दल बोलताहेत. प्राण्यांत कुणी शिकवतं का?

मला हे विचारावंसं वाटतं त्याचं कारण आहे. २०१४ मध्ये ख्रिस्तोफर कुझावा यांच्या गटानं मोजलं की पाचव्या वर्षाच्या आसपास मूल दिवसभरात जितकी ऊर्जा वापरतं त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त एकट्या मेंदूवर जाते. त्याच सुमाराला शरीराची वाढ सगळ्यात मंद असते. शरीर थांबतं आणि मेंदू खातो. अशी दहा-पंधरा वर्षं दुसऱ्याच्या जिवावर जगणारं पोर निसर्गात परवडतं ते कुणीतरी त्याला भरवतंय आणि शिकवतंय म्हणूनच ना?

काजवा

शिकवतात, पाटीपेन्सिल. आणि माकडांपेक्षा भलत्याच ठिकाणी सापडतात. एक मुंगी दुसरीला अन्नाची वाट दाखवताना जोडीनं चालते. मागची मागे पडली की पुढची थांबते, मागचीनं स्पर्शिकेनं टोचलं की पुन्हा निघते. एकटी गेली असती तर चौपट वेगानं पोचली असती.

त्याहून डोळ्यांत भरणारं उदाहरण आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या मीरकॅटचं, म्हणजे मुंगसाच्या कुळातल्या एका छोट्या प्राण्याचं. त्यांच्या खाण्यात विंचू असतात. मोठे मीरकॅट अगदी लहान पिल्लांना मेलेला विंचू आणून देतात. जरा मोठ्या पिल्लांना नांगी तोडलेला जिवंत विंचू. आणखी मोठ्यांना नांगीसकट जिवंत. पिल्लानं सोडून दिला तर नाकानं पुन्हा त्याच्याकडे ढकलतात. अ‍ॅलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मॅकऑलिफ यांनी २००६ मध्ये हे प्रसिद्ध केलं.

पण त्यांनी पुढे जे केलं ते तुमच्या प्रश्नाला जास्त लागू आहे. पिल्लांचा आवाज वयाप्रमाणे बदलतो. त्यांनी लहान पिल्लांच्या गटाजवळ मोठ्या पिल्लांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण वाजवलं. समोर इवलीशी पिल्लं दिसत असतानाही मोठे मीरकॅट जिवंत विंचू जास्त आणायला लागले. म्हणजे शिकवणी चोख, पण ती पिल्लाला काय येतं हे पाहून चालत नाही, आवाज ऐकून चालते.

दुर्बीण

हे फार महत्त्वाचं आहे. शिकवणं आहे, विद्यार्थ्याच्या मनाचा अंदाज नाही. माणसात या दोन गोष्टी केव्हा एकत्र आल्या असतील?

काजवा

दगडी हत्यारांवरून थोडा अंदाज येतो. लोमेक्वीची हत्यारं ३३ लाख वर्षांपूर्वीची, केनियातली. पुढे अश्युलियन नावाची, दोन्ही बाजूंनी घडवलेली दगडी हातकुऱ्हाड आली, ती थोड्याफार फरकानं दहा लाखांहून जास्त वर्षं टिकली. थॉमस मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १८४ माणसांना दगडाचे छिलके, म्हणजे धारदार कपचे, काढायला शिकवून पाहिलं. काहींना फक्त तयार छिलके दिले, काहींना दुसऱ्याचं काम नुसतं पाहू दिलं, काहींना खुणांनी शिकवलं, काहींना बोलून. नुसतं पाहून शिकलेले, तयार छिलका पाहून स्वतः डोकं चालवणाऱ्यांपेक्षा फारसे पुढे गेले नाहीत. शिकवणारा आला की फरक पडला, आणि बोलणारा शिकवणारा असला की सगळ्यात जास्त. कुठल्या कोनात मारायचं हे नजरेला दिसत नाही, कुणीतरी हात धरून वळवावा लागतो.

गारगोटी

काजवा, तुमचा मीरकॅटचा प्रतिसाद वाचला आणि काल संध्याकाळचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भाचीचा चुलत भाऊ आला होता, पावणेदोन वर्षांचा. त्याला खडू हवे होते. तिनं डबा त्याच्यासमोर ठेवला, त्याचं बोट धरलं आणि झाकणावर आपटलं. एकदा. मग ती थांबली आणि वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो खिडकीकडे बघत होता. तिनं त्याची हनुवटी धरून मान डब्याकडे वळवली, त्याची नजर झाकणावर येईपर्यंत थांबली, आणि मग त्याचं बोट दुसऱ्यांदा आपटलं.